ट्रॉमा थेरपीसाठी प्रायव्हेट काउन्सेलरकडे जाताय? आधी हे वाचा

ओळखीतलं कुणी ना कुणी विचारत असतं, की "जुनं एक प्रकरण आहे, आता थेरपी घ्यावी म्हणतेय, काय काय बघू?" दरवेळी तेच तेच टाइप करण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

सगळ्यात आधी, पहिल्या भेटीत सगळं सांगायचं नसतं. लोक अपॉइंटमेंट घेतात, आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, कुठून सुरुवात करू, तोंडातून शब्द फुटेल का, आणि सकाळी "आज अचानक काम आलं" असा मेसेज टाकून मोकळे. अहो पण ट्रॉमाचं, म्हणजे मनावर बसलेल्या जुन्या आघातावर काम करण्याचं, नीट ट्रेनिंग घेतलेला माणूस पहिल्या दिवशी ते मागतच नाही. तो विचारणार झोप कशी आहे, जेवण जातंय का, घरी कोण कोण आहे, आत्ता तुम्ही सुरक्षित आहात का, जीव द्यावासा वाटतो का, आधी कुठे दाखवलंय का. "लहानपणी काहीतरी घडलंय, पण आज डिटेल नको" एवढं बोललात तरी पहिल्या दिवसाचं काम झालं. उलट पहिल्याच तासात "बोला, सगळं बाहेर काढा, रडून घ्या, हलकं वाटेल" म्हणून कुणी मागे लागलं तर मला तरी शंका येते. एका बैठकीत सगळं वदवून घेऊन मोकळं करायची पद्धत ट्रॉमात चालत नाही, काहींना त्याने जास्तच त्रास होतो.

आता कोण कोण असतं ते. सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे डॉक्टर, औषधं देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी असते, नंबर असतो, तो वेबसाइटवर तपासता येतो. आणि काउन्सेलर? हा शब्द बोर्डावर लावायला व्यवहारात कुणी कुणाला अडवत नाही. एमए सायकॉलॉजी करून, वर ट्रॉमाचं वेगळं ट्रेनिंग घेऊन, वर्षानुवर्षं सिनिअरच्या देखरेखीखाली काम केलेली उत्तम माणसं काउन्सेलरच म्हणवतात, आणि शनिवार-रविवारचा ऑनलाइन कोर्स करून सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलेही काउन्सेलरच. म्हणून पाटी बघून ठरवू नका, फोन करा.

बहुतेक जण आधी दहा-पंधरा मिनिटं फोनवर बोलतात, त्यात लाजायचं नाही. शिक्षण काय, ट्रॉमासाठी कुठली पद्धत वापरता, तिचं ट्रेनिंग कुठून घेतलं, तुमच्या केसेसवर सुपरव्हिजन, म्हणजे सिनिअरची देखरेख, कोणाकडे घेता, सेशन चालू असताना मी एकदम सुन्न झाले किंवा घाबरले तर तुम्ही काय करता. हा शेवटचा प्रश्न माझा आवडता. ज्याला काम येतं तो सरळ सांगतो, की थांबतो, पाय जमिनीला टेकवायला सांगतो, आजूबाजूला काय दिसतंय ते विचारतो, तुम्ही परत जागेवर आल्याशिवाय पुढे जात नाही. ज्याला येत नाही तो म्हणतो "तसं काही होत नाही, पॉझिटिव्ह राहा". फोन ठेवून द्या. प्रश्न विचारल्याचा राग आला तरी ठेवून द्या.

पद्धतींची नावं ऐकून बिचकू नका. ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी (सीबीटी म्हणजे विचार आणि वागणं यांवर काम करणारी थेरपी) मुळात लहान आणि किशोरवयीन मुलांसाठी बनलेली आहे, आईवडिलांपैकी कुणाला तरी सोबत घेऊन चालते. मोठ्यांसाठी सीपीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, असते, साधारण १२ सेशनची, त्यात घटनेनंतर डोक्यात घट्ट बसलेल्या समजुती, म्हणजे "चूक माझीच होती" वगैरे, कागदावर लिहून तपासायच्या असतात, घरी होमवर्क असतं. प्रोलाँग्ड एक्स्पोजरमध्ये घटना पुन्हा पुन्हा सांगायची आणि स्वतःचंच रेकॉर्डिंग घरी ऐकायचं, हे जड जातं, तयारी असेल तरच. आणि ईएमडीआर, म्हणजे डोळ्यांच्या हालचाली वापरणारी थेरपी, जी १९८७ च्या सुमारास फ्रान्सीन शपिरो या अमेरिकन सायकॉलॉजिस्टने सुरू केली, ती बघायला जरा विचित्र वाटते. थेरपिस्ट खुर्ची थोडी बाजूला घेऊन बसतो, दोन बोटं तुमच्या डोळ्यांसमोर डावी-उजवीकडे हलवतो, तुम्ही फक्त नजरेने बोटांच्या मागे जायचं आणि ती आठवण मनात धरायची. थोड्या वेळाने बोटं थांबतात, "आता काय आलं?" तुम्ही "छातीत जड" एवढंच म्हणालात तरी चालतं, "ठीक, त्याच्यासोबत राहा" म्हणतो आणि बोटं परत सुरू. मधेमधे शून्य ते दहामध्ये त्रास किती ते विचारतो. ज्यांना घडलेलं तोंडाने सांगणं अशक्य वाटतं त्यांना हे बरं पडतं. यात आठ टप्पे आहेत आणि बोटं हलवायचं काम चौथ्या टप्प्यात येतं, आधीचे तीन नुसते तयारीचे. म्हणून पहिल्याच दिवशी कुणी बोटं हलवायला लागलं तर समजून जा. पास्ट लाइफ रिग्रेशन म्हणजे मागच्या जन्मात नेणं, "दोन सिटिंगमध्ये ट्रॉमा क्लिअर" असल्या जाहिरातींबद्दल मी काही बोलत नाही, पैसे तुमचे आहेत.

गोपनीयतेचं आधीच स्पष्ट करून घ्या, तेही लेखी. मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट २०१७ प्रमाणे उपचार करणाऱ्यांनी पेशंटची माहिती गुप्त ठेवायची असते, पण जिवाला धोका असेल किंवा कोर्टाने मागितलं तर अपवाद आहेत. आणि एक गोष्ट जी लोकांना सेशनमध्ये बसल्यावर कळते आणि मग धक्का बसतो, ती पॉक्सोची, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याची. २०१२ च्या या कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कुणालाही कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते, यातून काउन्सेलर सुटत नाही. आता तुम्ही पस्तिशीत आहात, प्रकार तुमच्या लहानपणचा, करणारा नात्यातलाच आणि अजून घरी ये-जा करतो, घरात लहान मुलं आहेत, तर नाव सांगायच्या आधी सरळ विचारा, "मी हे सांगितलं तर तुम्हाला पुढे काय करावं लागेल?" उत्तर ऐका, मग काय आणि कधी सांगायचं ते तुम्ही ठरवा. लपवा असं म्हणत नाहीये, फक्त काय होणार ते माहीत असताना सांगा. नोट्स कुठे ठेवतात, सेशन रेकॉर्ड होतं का, घरच्यांचा फोन आला तर काय सांगणार हेही त्याच वेळी. आपल्याकडे सासू किंवा वडील सरळ फोन करून "आमची मुलगी काय म्हणते हो" विचारतात, आणि काही काउन्सेलर सांगतातही!

पैशांचं बघू. पुण्या-मुंबईत साधारण हजार-पंधराशेपासून तीन हजारांपर्यंत एका सेशनचे जातात, ट्रॉमाचं सेशन कधी दीड तासाचं असतं मग जास्त. बारा सेशन दीड हजाराने धरली तरी १८,००० झाले, आणि अनेक वर्षं चाललेला त्रास असेल तर बारात भागत नाही. त्यामुळे पहिल्या दोन महिन्यांचे पैसे हाताशी आहेत का बघून सुरू करा, मधेच आठवण उघडी टाकून पैशांसाठी थांबणं फार वाईट. स्लायडिंग स्केल आहे का विचारा, म्हणजे ऐपतीप्रमाणे फी, बरेच जण काही जागा तशा ठेवतात पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. आयत्या वेळी सेशन रद्द केलं तर फी जाते का तेही. इन्शुरन्सने शारीरिक आजारासारखंच मानसिक आजाराला कव्हर द्यावं असं २०१७ चा कायदा म्हणतो खरं, पण ओपीडी कव्हर नसेल तर सेशनचे पैसे मिळतील या भरवशावर राहू नका. परवडत नसेल तर ससून, केईएम अशा सरकारी-पालिकेच्या हॉस्पिटलांची सायकिअ‍ॅट्री ओपीडी आहे, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत (नावाला घाबरू नका, ओपीडी असते), टिसची, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसची, आयकॉल ही फोनवरची काउन्सेलिंग सेवा आहे.

कधी थांबावं? मारहाण किंवा छळ आत्ताही चालू असेल तर जुन्या आठवणी उकरण्याआधी सुरक्षिततेचं बघावं लागतं, महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. रोज दारू लागते, स्वतःला इजा करून घेताय, किंवा मरायचे विचार येतायत, तर ते पहिल्याच फोनवर सांगा, आधी तेवढं स्थिर करतात. औषधं चालू असतील तर "आता थेरपी सुरू झाली" म्हणून मनाने बंद करायची नाहीत. आणि काउन्सेलर चोवीस तास फोनवर नसतो, म्हणून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आजच सेव्ह करून ठेवा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, रात्री-अपरात्रीही.

घरचं प्रॅक्टिकल. ऑनलाइन घेताय आणि वन बीएचकेमध्ये पाच माणसं आहेत, तर बोलणार कुठे? लोक पार्किंगमध्ये गाडीत बसून घेतात, गच्चीवर घेतात, कुणी मैत्रिणीच्या घराची किल्ली घेऊन ठेवते. इअरफोनने समोरच्याचा आवाज लपतो, तुमचा नाही, तेव्हा दाराबाहेर रेडिओ लावा नाहीतर आतला पंखा फुल करा. सेशननंतरचा तास-दीड तास मोकळा ठेवा, लगेच मीटिंग नको, लगेच स्कूटर काढून सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये तर नकोच, डोकं जागेवर नसतं. खाली उतरून चहा घ्या, थोडं चाला. त्या दिवशी स्वप्नं पडतील, चिडचिड होईल, सुरुवातीचे काही आठवडे त्रास जरा वाढल्यासारखा वाटू शकतो, हे काउन्सेलरने आधी सांगायला हवं. पण दर आठवड्याला घसरतच चाललाय, ऑफिसला जाणं जमेना, तर सहन करत बसू नका, "वेग कमी करा" म्हणायचं. तो हक्क तुमचा, आणि चांगला थेरपिस्ट तेवढ्यावर लगेच मागे येतो.

घरी सगळ्यांना सांगायलाच हवं असं नाही. "घरातलं बाहेर कशाला" हे ऐकायला मिळणारच, तर एकच भरवशाचा माणूस निवडा आणि त्यालाही एवढंच सांगा की गुरुवारी संध्याकाळी मी जरा गप्प असेन, विचारू नकोस, जेवण तेवढं बघ.

आणि माणूस जुळला नाही तर बदला. तीन-चार सेशननंतरही तुम्ही त्याला बरं वाटावं म्हणून बोलताय, तो घड्याळ बघतोय, "आता माफ करून टाका, आईवडीलच आहेत शेवटी" असले सल्ले देतोय, तर "मला पुढे यायचं नाही" एवढा मेसेज पुरे, कारण देणं लागत नाही. न विचारता हात लावला, सेशनबाहेर भेटायला बोलावलं, तर मेसेजही नको, तिथेच थांबा आणि कुणाला तरी सांगा. नव्या ठिकाणी सगळं पहिल्यापासून सांगायला लागेल म्हणून लोक नको तिथे अडकून पडतात, पण नव्या माणसालाही पहिल्या दिवशी तेवढंच सांगायचंय, काहीतरी घडलंय, आणि आज डिटेल नको.