हेडसेटची तयारी: दोन नवे सेल, शर्टाच्या खिशात

पायलटच्या ट्रेनिंगमध्ये सोलो क्रॉसकंट्री, म्हणजे एकटीने एका गावाहून दुसऱ्या गावी विमान नेणं, जवळ आली की नकाशा, हवामान, इंधनाचा हिशोब यापलीकडे कुणाला काही सुचत नाही. हेडसेट गळ्यात अडकवला की त्याची तयारी झाली, असं मीही धरून चालले होते. मग जळगावहून छत्रपती संभाजीनगरला एकटी जाताना, अजिंठ्याच्या डोंगरांवर 4,500 फुटांवर माझ्या हेडसेटचे सेल संपले. त्या दिवसापासून मी हेडसेटची तयारी आदल्या संध्याकाळी, वेगळा वेळ काढून करते. कशी, ते सांगते.

सुरुवात सेलपासून. आवाज दाबणारे, म्हणजे एएनआर हेडसेट बहुतेक करून दोन एए सेलवर चालतात. आपण दुकानात पेन्सिल सेल म्हणून मागतो तेच. बोसच्या ए20मध्ये एक जोडी साधारण 45 तास जाते. कमर्शियल लायसनसाठी एकूण 200 तास उडायचं असतं, म्हणजे अख्ख्या ट्रेनिंगमध्ये सेल बदलायची वेळ चार-पाचदाच येते. जे काम महिनोन्‌महिने येत नाही ते हाताच्या सवयीचं होत नाही, आणि नेमकं नको तेव्हा समोर येतं. म्हणून क्रॉसकंट्रीच्या आदल्या संध्याकाळी नवी जोडी घाला. जुनी अजून चालत असली तरी काढा, ती घरच्या घड्याळात जाईल. पांढऱ्या चिकटपट्टीवर तारीख लिहून ती सेलच्या झाकणावर चिकटवा. चांगल्या कंपनीचे अल्कलाइन सेल घ्या. रिचार्जेबल सेल 1.2 व्होल्टचा असतो, अल्कलाइन 1.5चा, त्यामुळे रिचार्जेबल घातले की सेल भरलेले असूनही हेडसेटचा दिवा लवकर इशारा देऊ शकतो, आणि खोट्या इशाऱ्याची सवय लागली की खरा नजरेतून सुटतो.

आता दुसरी जोडी. नवी, पाकिटातून त्याच दिवशी काढलेली, छोट्या प्लास्टिकच्या डबीत, शर्टाच्या खिशात. बॅगेत नाही. बॅगेत अजिबात नाही. माझ्याकडे त्या दिवशी जादा सेल होते. चांगले चार होते, आणि ते मागच्या सीटमागे, सामानाच्या जागेत ठेवलेल्या फ्लाइट बॅगच्या बाजूच्या कप्प्यात होते.

झालं असं. सेसना 172, हवा शांत, खाली वाघूरचं खोरं मागे पडून डोंगर सुरू झालेले. अचानक इंजिनाचा आवाज दुप्पट झाला. दार उघडलं की काय, इतका. माझा हात आधी मिक्स्चरकडे, म्हणजे इंधन-हवेचं प्रमाण ठरवणाऱ्या दांड्याकडे गेला, मग फ्युएल पंपाच्या स्विचकडे. आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, 2400 वर ठाम, ऑइल प्रेशर हिरव्या पट्ट्यात, तापमान ठीक. तरी आवाज तसाच. इंजिन बिघडलंय असं गृहीत धरून मी उतरण्याजोगं शेत शोधायला लागले होते. हेडसेटचा दिवा विझलाय हे कळायला अर्धं मिनिट तरी गेलं असेल, आणि तेवढ्यात कंट्रोलरने मला दोनदा हाक मारली होती. तिसऱ्यांदा माझा कॉलसाइन कुठूनतरी लांबून आल्यासारखा ऐकू आला. मग बॅगेतले सेल काढायला मी खांद्याचा पट्टा सोडून मागे वळले. हात पोचला नाही. पुन्हा समोर पाहिलं तर एक पंख खाली झुकलेला आणि हेडिंग, म्हणजे विमानाच्या नाकाची दिशा, 15 अंश सरकलेलं. सेल नसल्याने काही बिघडलं नसतं, मागे वळल्याने बिघडलं असतं. म्हणून खिसा. तोही उजवा, कारण डाव्या सीटवर बसलं की खांद्याचा पट्टा डाव्या खांद्यावरून तिरका येतो आणि डावा खिसा त्याखाली दबतो. सेल सुटे टाकू नका. किल्ली किंवा नाण्यांना लागून शॉर्ट झाले तर तापतात. डबी हवीच.

तो आवाज इतका का वाढला हेही समजून घ्या, म्हणजे वेळ आली तर माझ्यासारखी शेतं शोधत बसणार नाही. कानावरच्या कपाच्या आतला छोटा माइक आत शिरलेला आवाज ऐकतो आणि स्पीकर बरोबर त्याच्या उलट लाट सोडतो. दोन्ही एकमेकांना खातात. ही करामत खालच्या, घुमणाऱ्या आवाजावर उत्तम चालते. 2400 आरपीएमला दोन पात्यांचा प्रोपेलर सेकंदाला 80 वेळा हवा कापतो, चार सिलिंडरच्या इंजिनाचे स्फोटही सेकंदाला 80च होतात. म्हणजे 172चा मुख्य घोंघाट एएनआरच्या नेमका तावडीत सापडणारा. सेल संपले की तोच घोंघाट एका क्षणात परत येतो, आणि कानाला वाटतं, इंजिन बदललं. बदललेले असतात फक्त आपले कान. दुसरी गोष्ट, एएनआर चालू असताना शांतता असते म्हणून आपण रेडिओचा आवाज कमी ठेवतो. एएनआर गेला तरी बोलणं येत राहतं, चांगल्या हेडसेटमध्ये ती सोय असतेच, पण त्या कमी आवाजाला घोंघाट गिळून टाकतो. म्हणून दिवा विझला की सेलच्या आधी व्हॉल्यूम वाढवा. आणि त्याहीआधी विमान ट्रिम करून सरळ-समतल ठेवायचं, मग व्हॉल्यूम, मग डबी.

आणि सेल बदलण्याची तालीम जमिनीवर करा. डोळे मिटून, एका हाताने, झाकण कुठे सरकतं, अधिक-उणेची बाजू कुठली, हे बोटांना कळेपर्यंत. चार-पाचदा केलं की जमतं. माझ्या हेडसेटमध्ये दोन्ही सेल एकमेकांच्या उलट दिशेने बसतात. हे मला पाठ आहे असं मी समजत होते. हवेत डबी हाताशी असती तरी त्या क्षणी मला ते आठवलं नसतं.

कंट्रोलचा छोटा डबा, ज्यावर तो दिवा असतो, तो नजरेत राहील असा अडकवा. पट्ट्याला किंवा खिशाच्या कडेला, कुठेही, पण सीट आणि दाराच्या फटीत घसरलेला नको. माझा तिथेच घसरला होता. तो किती वेळ इशारा देत होता कोण जाणे. मी पाहिलाच नाही. दर अर्ध्या तासाने इंधनाची नोंद करता ना, त्याच वेळी या दिव्याकडेही बघा.

विमानात बसल्यावर प्लग. दोन असतात: जाड, 6.3 मिलिमीटरचा, ऐकण्याचा आणि बारीक, 5.2 मिलिमीटरचा, माइकचा. दोन्ही टक्‌ असा आवाज येईपर्यंत आत ढकला. ट्रेनिंगच्या विमानांचे सॉकेट रोज दहा जण वापरतात, ते ढिले झालेले असतात. माइकचा प्लग अर्धवट राहिला तर तुम्हाला सगळं ऐकू येतं आणि तुमचं कुणालाच जात नाही. हे एकटं असताना टॅक्सीवेवर कळणं फार वाईट. प्लग कोरड्या फडक्याने पुसून लावा, काढताना प्लगला धरून काढा, वायरला नाही.

माइक ओठांच्या कोपऱ्यापाशी, जवळजवळ टेकलेला. फार तर पाच-सहा मिलिमीटर लांब. हा माइक दोन्ही बाजूंनी सारखा येणारा आवाज वजा करतो. लांब धरला की तुमचा आवाजही त्याला घोंघाटच वाटतो, आणि मग टॉवर पुन्हा पुन्हा "से अगेन" म्हणतो. ओरडून उपयोग नसतो, जवळ घ्या. ज्या बाजूला ठिपका किंवा बाण असेल ती ओठांकडे.

गॉगल बारीक काडीचा. जाड काडी कपाच्या गादीखाली फट पाडते आणि त्या फटीतून आत शिरणारा खालचा घोंघाट एएनआरला झेपत नाही. मोठे कानातले, केसांची क्लिप, कानावर येणारी टोपी, तिन्ही घरी ठेवा. केस गादीबाहेर.

आता एक चाचणी, जी कुणी करत नाही. इंजिन सुरू झाल्यावर हेडसेट आधी एएनआर बंद ठेवून घाला. इंजिन ऐका, रेडिओ ऐका, व्हॉल्यूमचं बटण कुठपर्यंत फिरवल्यावर बोलणं स्पष्ट होतं ते लक्षात ठेवा. मग एएनआर चालू करा. दोन्ही आवाज कानाला ओळखीचे झाले की हवेत एकातून दुसऱ्यात पडलात तरी दचकायला होत नाही. रेडिओ चेक एकदा असाच, एएनआर बंद ठेवून करा. एक मिनिटही लागत नाही.

एएनआर कानाचं रक्षण करतो, पण तो काही आवाज झाकतोही. अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाने, 2007 साली पायलटांना खास कळवलं होतं की अशा हेडसेटमुळे कॉकपिटमधले काही इशाऱ्याचे आवाज ऐकू न येण्याची शक्यता असते. 172चा स्टॉल हॉर्न, म्हणजे पंखांची उचल सुटण्याआधी (स्टॉलआधी) वाजणारा भोंगा, विजेवर चालत नाही. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेतल्या भोकातून हवा ओढली गेली की पिपाणीसारखा वाजतो, स्टॉलच्या 5 ते 10 नॉट आधी. सोलोआधी इन्स्ट्रक्टरसोबत स्टॉलचा सराव कराल तेव्हा तो हॉर्न याच हेडसेटमध्ये, एएनआर चालू ठेवून, नीट ऐकू येतो का ते बघा. दुसऱ्याचा हेडसेट उसना घेतलात तर पुन्हा बघा. आणि आवाज बदलल्याची शंका आली की कानावर निकाल देऊ नका, आधी आरपीएम आणि ऑइल प्रेशर.

हेडसेट समोरच्या काचेखालच्या फळीवर ठेवू नका. स्पीकरमधल्या चुंबकाने कंपासची सुई हलते, आणि तुम्ही डायरेक्शनल गायरो, म्हणजे दिशा दाखवणारं दुसरं यंत्र, त्याच चुकलेल्या कंपासवर लावून निघता. शिवाय मे महिन्यातलं जळगावचं ऊन. काचेमागे तासभर पडलेला हेडसेट हातात धरवत नाही.

ब्लूटूथ बंद. फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात असताना घरून आलेला फोन कानात वाजायला नको. कॉकपिटमधला हँड माइक जागेवर आहे का आणि ऑडिओ पॅनेलवर स्पीकरचं बटण कुठलं ते एकदा बघून ठेवा. हेडसेट पूर्ण गेला तर त्यावरच बोलायचं आहे. तेही गेलं तर ट्रान्सपॉन्डरवर 7600, म्हणजे रेडिओ बंद पडल्याचा कोड.

एएनआर गेला म्हणून घाबरू नका, पण "आवाजच तर आहे" असंही म्हणू नका. 85 डेसिबलमध्ये दिवसाचे 8 तास चालतात असं धरलं जातं, 88मध्ये 4च, दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. छोट्या विमानाची केबिन याच्या वरच असते. 1986 साली डिक रुटन आणि जीना येगर न थांबता, इंधन न भरता 9 दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, तेव्हा त्यांच्याकडे असे हेडसेट होते, आणि ते तेव्हा बाजारातही आले नव्हते. कान एकदा गेले की मेडिकलही, म्हणजे उडायला लागणारा तब्येतीचा दाखलाही गेला. म्हणून, सेल. खिशात. निघताना शर्टावरून हात फिरवून डबी लागते का बघा, आणि लागली नाही तर परत जाऊन घेऊन या. डिस्पॅचची सही झाली असली तरी, इन्स्ट्रक्टर घड्याळ बघत असला तरी.

उतरल्यावर थोडंच. स्विच बंद करा, आपोआप बंद होण्यावर विसंबू नका. वायर सैल गुंडाळा, कपांभोवती आवळून नाही. दारात किंवा सीटच्या रुळात अडकलेली नाही ना ते बघा. घाम ओल्या मऊ फडक्याने लगेच पुसा. सॅनिटायझर लावू नका, गादीचं रेक्झिन तडकतं. तडकलेली गादी बदला, ती जिथून उघडी पडते तिथून घोंघाट आत येतो. माइकचा फोम काढून धुवा, पूर्ण वाळल्यावर घाला. फाटला असेल तर नवा. गाडीत ठेवू नका.

पावसाळ्यात उडणं आठवड्यांसाठी थांबतं, तेव्हा सेल काढूनच ठेवा. आत राहिले तर गळतात आणि पत्रे गंजतात. बॅगेत सिलिका जेलची पुडी टाका. आणि ते काढलेले सेल खिशातल्या डबीत ठेवू नका. डबीत फक्त नवे.