पोलीस स्टेशनची पायरी चढताना या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात आमच्या चाळीतल्या एका पोराला रात्री अकराच्या सुमारास फोन आला, "सकाळी ये, साहेबांनी बोलावलंय." घरात कुणाला न सांगता पोरगा गेला आणि दिवसभर त्याचा फोन बंद. फोन कुठल्या पोलीस स्टेशनमधून आला होता हेच ठाऊक नसल्यानं त्याची आई तीन ठिकाणी फिरली. साक्षीदार म्हणून बोलावलं होतं, हे आम्हाला तो रात्री परतल्यावर कळलं. तोंडी निरोपावर असं निघणं, ही मुंबईत मी सर्वात जास्त पाहिलेली चूक.

असा फोन आला की अधिकाऱ्याचं नाव, पोलीस स्टेशन आणि गुन्हा क्रमांक लिहून घ्या, घरच्यांना सांगा आणि लेखी नोटीस मागा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत दोन वेगळ्या नोटिसा आहेत. कलम 179 ची साक्षीदाराला, कलम 35(3) ची ज्याच्यावर संशय आहे त्याला. साक्षीदार बाई असेल, पंधरा वर्षांखालचं मूल असेल किंवा साठीपुढचा माणूस असेल, तर त्यांना पोलीस स्टेशनला बोलावता येत नाही, चौकशीसाठी पोलिसांनी घरी यायचं असतं. 35(3) ची नोटीस आली तर मात्र जायलाच हवं. ती पाळणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारणं नोंदवावी लागतात. घाबरून नोटीस कपाटात ठेवायची आणि गावी निघून जायचं, हे फार महागात पडतं, कारण नोटीस न पाळणं हेच अटकेचं कारण होऊ शकतं.

ही नोटीस व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2025 मध्ये स्पष्ट केलं आहे. तरीही तशी आलीच तर गप्प बसू नका, वकिलामार्फत लेखी उत्तर द्या. व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अरेस्ट' झाल्याचं कुणी सांगितलं तर सरळ फोन ठेवा आणि 1930 या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर कळवा. अशी अटक कायद्यात नाहीच.

सहीचा घोळही नेहमीचा. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सांगणाऱ्याची सही घ्यायची नसते, तसं संहितेच्या कलम 181 मध्येच म्हटलं आहे. स्वतः दिलेल्या फिर्यादीवर सही करावी लागते, पंचनाम्यावर पंच करतात. या दोन्ही सह्या मजकूर पूर्ण वाचूनच करायच्या. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही, समोरचा कितीही आपुलकीनं बोलत असला तरी.

अटक झालीच, तर घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवा. संविधानाच्या अनुच्छेद 22 प्रमाणे प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं. "उद्या रविवार आहे, सोमवारी बघू" हे उत्तर चालत नाही. अटकेची कारणं लेखी आणि समजेल अशा भाषेत द्यावीत, असं सर्वोच्च न्यायालयानं 2025 मध्ये मुंबईतल्याच एका प्रकरणात सांगितलं. नातेवाइकाला कळवणं पोलिसांचं काम आहे. वकिलाला पैसे नाहीत म्हणून लोक गप्प राहतात, याचं मला फार वाईट वाटतं. कोठडीतला कुणीही, आणि कुठलीही स्त्री, उत्पन्न न पाहता मोफत वकील मागू शकते. त्यासाठी 15100 हा क्रमांक आहे.

तक्रार द्यायला जाणाऱ्यांचीही फसगत होते. लोकलमध्ये मोबाईल चोरीला जातो, दादरला सांगतात "कुर्ल्याला जा", कुर्ल्याला सांगतात "दादरला जा", आणि शेवटी 'हरवला' असं लिहिलेला दाखला हातात पडतो. चोरी झाली असेल तर 'चोरीला गेला' असंच लिहायला लावा. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती हद्द न पाहता कुठल्याही पोलीस स्टेशनला घ्यावीच लागते, त्यालाच झिरो एफआयआर म्हणतात. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. नोंदवायलाच नकार दिला, तर तीच तक्रार लेखी करून पोस्टानं त्या भागाच्या (परिमंडळाच्या) पोलीस उपायुक्तांना पाठवा आणि पोच जपून ठेवा. तिथंही काही झालं नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, आणि त्या अर्जाला हीच पोच जोडायची असते.