सप्ताहाच्या कर्ण्यांचा लोड मशीनला कसा जुळवावा

कीर्तन ऐन रंगात येतं आणि मशीन (ॲम्प्लिफायर) बसतं. मग कोणीतरी सांगतं, "मशीन लहान पडलं, मोठं आणा." हा सल्ला ऐकू नका. मराठवाड्यातल्या बहुतेक गावांना १६० वॅटचं मशीन पुरतं. ते बसतं कारण त्याच्यावर किती ओहमचा लोड (सगळ्या कर्ण्यांचा मिळून भार; ओहम हे विजेच्या अडथळ्याचं माप) पडलाय हे कुणी मोजलेलंच नसतं. माइक, बॅटरी, बांबू, दोर आणि पोलीस ठाण्याची परवानगी तुमच्याकडे आहे असं धरून पुढचं लिहितो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. इंपिडन्स म्हणजे एसी करंटला होणारा अडथळा, तोही ओहममध्येच मोजतात. इंपिडन्स मॅचिंग म्हणजे मशीनचा आणि कर्ण्याचा ओहम सारखा करणं, असं सर्रास सांगतात. ते अँटेना आणि डिशच्या केबलला लागू पडतं. तिथे ७५ ओहमला ७५ च लागतो, नाहीतर लहरी परत फिरतात. आवाजाच्या मशीनचं तसं नाही. ट्रान्झिस्टर मशीनचा स्वतःचा आउटपुट इंपिडन्स कर्ण्यापेक्षा मुद्दामच बराच कमी ठेवलेला असतो. मागच्या पट्टीवर ४, ८, १६ ओहम आणि १०० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एवढाच: या टोकावर इतक्या ओहमचा लोड द्या, त्याहून कमी देऊ नका. ओहम कमी झाला की करंट वाढतो, आणि मशीन तापून बसतं ते त्या करंटमुळे.

मंडपातला कर्णा दहा-पंधरा मीटरवर असेल तर ८ किंवा १६ ओहमच्या टोकावर सरळ जोडला तरी चालतो. गावभर लाइन ओढायची असेल तर १०० व्होल्टच वापरा, आणि प्रत्येक कर्ण्यापाशी मॅचिंग ट्रान्सफॉर्मर, म्हणजे लाइनचे १०० व्होल्ट कर्ण्याला पेलतील इतके उतरवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर, लावा. कारण हिशोबातच दिसतं. तांडा ४०० मीटरवर आहे आणि वायर १.५ चौरस मिलिमीटर तांब्याची आहे, असं समजा. जाऊन-येऊन ८०० मीटर, म्हणजे वायरचाच रोध जवळपास ९.७ ओहम. १६ ओहमचं ३० वॅटचं युनिट (कर्ण्यामागचा, आवाज काढणारा डबा) सरळ जोडलं तर त्याला मिळतात साडेअकरा वॅट. तेच युनिट १०० व्होल्टच्या लाइनवर ३३३ ओहमचं दिसतं आणि २८ वॅट घेतं. वायर घेताना टोक ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. त्याचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो.

दोन्ही टोकं एकाच वेळी, म्हणजे मंडपाला ८ ओहम आणि गावाला १०० व्होल्ट, अशी वापरू नका. आतला ट्रान्सफॉर्मर एकच असतो आणि दोन्हीकडचा भार त्याच्यावरच बेरजेने पडतो. ही बेरीज घाईत कुणीच करत नाही.

१०० व्होल्टचा हिशोब सोपा आहे. १०००० ला वॅटने भागा, ओहम मिळतो. १६० वॅटच्या मशीनला कमीत कमी ६२.५ ओहम लागतो. मशीनचे सगळे वॅट वापरू नका, ८० टक्क्यांवर थांबा, म्हणजे १२८ वॅट. ऊन ४२ अंशांवर गेलेलं असताना पत्र्याखाली ठेवलेल्या मशीनला एवढी मोकळीक लागतेच. उदाहरणादाखल मंदिरावर १५ वॅटचे दोन कर्णे, चौकात १५ चे दोन, वेशीवर ३० चा एक आणि तांड्याला ३० चा एक धरा. चार दिशांना चार फांद्या, प्रत्येक ३० वॅटची. एकूण १२० वॅट, लोड ८३ ओहम. फांद्या अशा सारख्या ठेवल्या की पुढे दोष शोधणं फार सोपं जातं, म्हणून मी याचा आग्रह धरतो. मोठे दोन कर्णे कुणाच्या तरी माडीवर रोखण्यापेक्षा लहान जास्त लावा. आवाज सगळीकडे सारखा पोचतो आणि जवळच्या घरांना त्रास होत नाही.

इथपर्यंत कोणीही करतं. खरी चूक होते ती मॅचिंग ट्रान्सफॉर्मरवर, कारण त्याला दोन बाजू असतात आणि लक्ष फक्त एकीकडेच जातं. लाइनच्या बाजूचे टॅप (वायर जोडायची टोकं) वॅटमध्ये लिहिलेले असतात: ५, १०, १५, ३०. ते सगळे नीट बघतात. युनिटच्या बाजूलाही टॅप असतात, ४, ८ आणि १६ ओहमचे, आणि ते एकदा लावले की पुन्हा कोणी उघडून बघत नाही. मग मागच्या वर्षी जळालेलं १६ ओहमचं युनिट काढून दुकानात मिळालं ते ८ ओहमचं बसवतात आणि वायर १६ च्याच टॅपवर राहते.

याचा परिणाम समजून घ्या. ट्रान्सफॉर्मरला स्वतःचा ठरलेला ओहम नसतो. दोन्ही बाजूंच्या तारेच्या फेऱ्यांच्या प्रमाणाच्या वर्गाने तो पलीकडचा ओहम मोठा करून दाखवतो, एवढंच. ३० वॅटच्या टॅपवर १६ चे ३३३ दिसतात, म्हणजे २१ पट. त्याच जागी ८ लावले की १६७ दिसतात, आणि १६७ म्हणजे ६० वॅट. टॅपवर ३० लिहिलेलं असताना युनिट ६० ओढतं. आधी त्याची कॉइल जळते, आणि असे दोन-तीन कर्णे असले की मशीनही जातं. उलट १६ चं युनिट ८ च्या टॅपवर असेल तर निम्मेच वॅट घेतं. नुकसान काही नाही, फक्त तो कर्णा मंद वाजतो आणि लोक मशीनला दोष देतात.

दुसरा सापळा ७० व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचा. त्यावरचे वॅट ७० व्होल्टसाठी लिहिलेले असतात. तो १०० व्होल्टच्या लाइनवर लावला तर १५ चा टॅप ३० घेतो. जुन्या सामानात असे मिसळलेले असतात. म्हणून प्रत्येक ट्रान्सफॉर्मरचं लेबल वाचा. लेबल पुसलेलं असेल तर तो वापरूच नका.

युनिटचा ओहम मीटरने तपासता येतो, पण मीटर कॉइलचा डीसी रोध दाखवतं, जो लिहिलेल्या आकड्याहून कमीच येतो. १६ चं युनिट साधारण ११ ते १३ दाखवतं, ८ चं साडेपाच ते सात. हे युनिट ट्रान्सफॉर्मरपासून सोडवूनच मोजायचं. जोडलेल्या लाइनवर ओहमचं मीटर लावण्यात काहीच अर्थ नाही. ट्रान्सफॉर्मरच्या वायरीचा रोध थोडाच असतो, चांगल्या लाइनवरही मीटर बीप करतं आणि "लाइन शॉर्ट आहे" म्हणत रात्रभर खांब चढणं चालू राहतं.

लाइन मोजायची ती एसीवर. १०० ओहमचा, १० वॅटचा पांढरा सिरॅमिक रेझिस्टर घ्या. मशीनच्या १०० व्होल्टच्या टोकातून तो सिरीजमध्ये टाकून पुढे लाइन जोडा. मशीन बंद असतानाच जोडा. चालू मशीनच्या या टोकाला झटका बसतो. मोबाइलवरच्या टोन ॲपमधून १ किलोहर्ट्झचा सूर द्या आणि आवाज शून्यावरून हळूहळू वाढवत रेझिस्टरवर १२ व्होल्टच्या आसपास आणा. मग रेझिस्टरवरचं आणि लाइनवरचं एसी व्होल्टेज वाचा. लाइनच्या व्होल्टला रेझिस्टरच्या व्होल्टने भागून १०० ने गुणा. रेझिस्टरवर १२.० आणि लाइनवर १०.० आलं तर ८३ ओहम, आपला हिशोब जुळला. साधं स्वस्त मीटर २०० व्होल्टच्या रेंजवर चालतं. १ किलोहर्ट्झला ते थोडं चुकतं, पण दोन्ही रीडिंग सारखीच चुकत असल्याने भागाकार बरोबर येतो.

७५ ते १०० च्या मध्ये आकडा आला तर मशीन बंद करून रेझिस्टर काढा आणि निर्धास्त सुरू करा. ६२ च्या खाली आला तर मशीनचा आवाज अजिबात वाढवू नका. चारही फांद्या मशीनपाशी कनेक्टर पट्टीवर वेगवेगळ्या आणलेल्या हव्यात, म्हणजे एकेक सोडवून मोजता येते. प्रत्येक फांदी ३३० च्या आसपास यायला हवी. एक कर्णा असलेली फांदी १६७ आली तर वर सांगितलेली ८ ओहमची किंवा ७० व्होल्टची चूक. वीस-पंचवीस ओहम आले तर कोणीतरी ट्रान्सफॉर्मर न लावता युनिट सरळ जोडलंय. ६६७ आले तर दोनपैकी एक कर्णा मुका आहे. हजारोंमध्ये आकडा गेला तर वायर तुटलीय. काळ्या रानातून जमिनीवर टाकलेली वायर नांगराने किंवा बैलगाडीच्या चाकाने तुटते, तिथे आधी बघा.

पखवाजाला वजन यावं म्हणून बास वाढवायची सवय घातक आहे. कर्णा बास वाजवतच नाही, आणि खालच्या सुरांना मॅचिंग ट्रान्सफॉर्मरचा गाभा चुंबकत्वाने भरून जातो. तेव्हा त्याचा इंपिडन्स कोसळतो आणि मशीनला ते जवळपास शॉर्टसारखंच वाटतं. १ किलोहर्ट्झवर ८३ मोजलेली लाइनही मग वाचत नाही. बासची कळ कमीच ठेवा. मिक्सरवर लो-कट (खालचे सूर कापणारी कळ) असेल तर तो चालू ठेवा.

लाइन महावितरणच्या खांबावरून ओढू नका. सांधे पिळून, वर टेप लावून उंच ठेवा. फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा घाला, तार बांधू नका.

माइकचं थोडक्यात. ५० किलोओहमचा जुना माइक लांब वायरवर लावू नका. वायरची कपॅसिटन्स (वायरमध्ये वीज साठून राहण्याचा गुण) मीटरला १०० पिकोफॅरड धरली तर २० मीटरवर १.६ किलोहर्ट्झच्या वरचे सूर गळायला लागतात आणि महाराजांचे शब्द गिळल्यासारखे ऐकू येतात. २०० ते ६०० ओहमचा डायनॅमिक माइक घ्या.

चारही फांद्यांची रीडिंग कागदावर लिहून मशीनच्या झाकणाला आतून चिकटवा. रोज कर्णे सुरू करण्याआधी पाच मिनिटं पुन्हा मोजा, पण मोजताना कर्णे वाजतात म्हणून तेही सकाळी ६ नंतरच. कालच्या ३३० चे आज २९० झाले असतील तर एखाद्या सांध्यात दव किंवा पाणी शिरलंय. तो सांधा सकाळीच उघडून कोरडा करा.