आर्मवर टेस्ट लटकते, इंटेलवर नाही: या कामात नव्याने आलेल्यांसाठी

टेस्ट तुमच्या लॅपटॉपवर चुटकीसरशी हिरवी होते आणि आर्म६४ या प्रोसेसर प्रकारासाठीच्या बिल्डमध्ये मात्र अडकून बसते. एरर नाही, क्रॅश नाही, लॉग पुढे सरकत नाही. शेवटी मुदत संपली म्हणून तिला मारलं जातं. डेबियन या लिनक्स वितरणाच्या बिल्ड यंत्रांवर सहसा १५० मिनिटं काहीच आउटपुट आलं नाही की असं होतं. अशा वेळी दोन मोह होतात: टाइमआउट वाढवायचा, किंवा 'आर्मवर ही टेस्ट वगळा' अशी एक ओळ टाकून मोकळं व्हायचं. दोन्ही करू नका. वगळलेली टेस्ट पुन्हा चालू करायला सहसा कुणी फिरकत नाही, आणि लटकणारा कोड तसाच लोकांच्या सर्व्हरवर जातो. २०१८ मध्ये ॲमेझॉनचे ग्रॅव्हिटॉन सर्व्हर आले, २०२० मध्ये ॲपलचा एम१ आला, २०२५ च्या डेबियन १३ मध्ये रिस्क-फाइव्ह या आणखी एका प्रोसेसर प्रकाराला अधिकृत जागा मिळाली. 'आर्म कोण वापरतंय' हे आता कुणीही म्हणू नये.

असेंब्ली येत नाही म्हणून मागे हटू नका, हेही लगेच सांगते. मी आजही आर्मची असेंब्ली अडखळत वाचते, आणि यातल्या बहुतेक दोषांना ती लागतच नाही.

पहिला प्रश्न एकच: टेस्ट फिरतेय की थांबलीय? 'टॉप' लावा आणि त्या प्रोसेसचा सीपीयू बघा. शंभर टक्के असेल तर कुठलं तरी लूप संपत नाहीये. शून्य असेल तर ती कशाची तरी वाट बघतेय: लॉक, पाइप, सॉकेट किंवा मरून गेलेला चाइल्ड प्रोसेस. हे ठरण्याआधी केलेला प्रत्येक तर्क म्हणजे अंधारात मारलेला बाण. त्यानंतर 'जीडीबी' हा डीबगर त्या चालू प्रोसेसला जोडा आणि सगळ्या थ्रेड्सचा बॅकट्रेस, म्हणजे कोण कुठल्या फंक्शनमध्ये आहे याची यादी, एकदम घ्या. थोड्या वेळाने पुन्हा घ्या. दोन्ही सारखे आले की जागा सापडली. बिल्ड डीबग सिम्बॉल्ससह केलेला हवा, नाहीतर समोर नुसते प्रश्नचिन्हांचे ढीग येतात.

बिल्डच्या यंत्रावर हाताने जाता येत नसेल तर टेस्ट 'टाइमआउट' कमांडखाली चालवा आणि मुदत संपल्यावर अबॉर्टचा सिग्नल पाठवायला सांगा, म्हणजे कोअर डम्प, अर्थात त्या क्षणीच्या मेमरीची प्रत, मिळेल. पायथॉनमध्ये 'फॉल्टहँडलर' आहे, जावाला 'जेस्टॅक', आणि गो भाषेतल्या प्रोसेसला क्विट सिग्नल दिला की तो सगळ्या गोरूटीन्सचे स्टॅक ओकतो.

लॉगच्या शेवटच्या ओळीवर विश्वास ठेवू नका. आउटपुट टर्मिनलऐवजी पाइपात किंवा फाइलमध्ये जात असेल तर सीची लायब्ररी ते साठवून मोठ्या तुकड्यांत सोडते. लॉगमध्ये सातवी टेस्ट दिसते आणि प्रत्यक्षात अडकलेली असते बारावी. 'एसटीडीबफ' लावून ओळीगणिक आउटपुट काढा, मगच टेस्टच्या नावावर बोट ठेवा.

आता ज्या सापळ्याने मला सर्वांत जास्त छळलं, त्याबद्दल. यावर मी लांबण लावणार आहे, कारण तो जितका क्षुल्लक तितकाच फसवा आहे.

पॅकेज जुनं होतं, कमांड लाइनवरचं, मूळ लेखक केव्हाच दुसऱ्या कामांत गुंतलेले. आर्मवर टेस्ट लटकायची आणि सीपीयू शंभर टक्के. सिस्टिम कॉल दाखवणारा 'एसट्रेस' जोडला तर तिथे स्मशानशांतता, एकही सिस्टिम कॉल नाही. आमच्यातल्या अनुभवी मंडळींनी न बघताच निदान केलं: "आर्मची मेमरी ऑर्डरिंग. बॅरियर टाकून बघ." म्हणजे एका थ्रेडने केलेल्या नोंदी दुसऱ्याला वेगळ्या क्रमाने दिसणं, आणि बॅरियर म्हणजे तो क्रम राखायला लावणारी सूचना. आर्मची ख्यातीच तशी असल्याने ते पटतंही. मी बरेच दिवस बॅरियरवरचे लेख वाचत बसले. प्रोग्रामला थ्रेड होता एकच, आणि एकाच थ्रेडच्या प्रोग्राममध्ये हा दोष संभवतच नाही. बॅकट्रेस सगळा वेळ 'गेटऑप्ट'च्या लूपकडे बोट दाखवत होता.

गेटऑप्ट म्हणजे कमांड लाइनवरचे पर्याय एकेक करून देणारं फंक्शन. पर्याय संपले की ते उणे एक परत देतं, आणि परत देतं ते 'इंट' म्हणून. त्या कोडमध्ये ते 'चार' (आकडा नव्हे, सी भाषेतला एका बाइटचा char) या टाइपच्या व्हेरिएबलमध्ये ठेवलं होतं आणि लूपची अट होती: उणे एक नसेल तोवर फिर. इंटेलच्या लिनक्सवर 'चार' चिन्हासह असतो, उणे १२८ ते १२७, त्यामुळे उणे एक हा उणे एकच राहतो आणि लूप संपतं. आर्मच्या लिनक्सवर 'चार' बिनचिन्हाचा असतो, ० ते २५५. तिथे उणे एक ठेवला की त्याचा २५५ होतो. तुलना होते २५५ ची उणे एकशी, ती कधीच जुळत नाही, आणि लूप अनंतकाळ फिरतं. कुठलाच पर्याय जुळत नसल्याने छापलंही काही जात नाही.

हाच प्रकार फाइलमधून एकेक अक्षर वाचणाऱ्या 'गेटचार'चा, कारण फाइल संपल्याची खूणही उणे एकच असते. हाच प्रकार दहापासून शून्यापर्यंत उलट मोजणाऱ्या लूपचा, जर मोजणी 'चार'मध्ये असेल आणि अट 'शून्य किंवा जास्त' अशी असेल. बिनचिन्हाची संख्या शून्याखाली जाणार कशी?

'चार'ला चिन्ह असावं की नसावं हे सी भाषेच्या मानकाने कंपायलर बनवणाऱ्यांवर सोडलं आहे. सुरुवातीच्या आर्मकडे बाइट वाचून वरचे बिट शून्याने भरणारीच सूचना होती, चिन्ह जपणारी आर्मच्या चौथ्या आवृत्तीत आली. त्यामुळे बिनचिन्हाचा 'चार' तिथे स्वस्त पडायचा आणि तोच संकेत रूढ झाला. म्हणजे हा मामला जितका प्रोसेसरचा तितकाच प्लॅटफॉर्मच्या संकेताचा. एम१ मॅकवर मॅकओएसमध्ये 'चार' चिन्हासहच असतो. टेस्ट तिथे नीट चालते, आणि त्याच मॅकवर लिनक्सच्या कंटेनरमध्ये लटकते. प्रोसेसर तोच, टेबल तेच. हे ठाऊक नसेल तर माणूस डॉकरला शिव्या देत बसतो.

यातली खरी मेख पुढे आहे. इंटेलवर कोड बरोबर चालतो असं वाटतं, तेही खरं नाही. फाइलमध्ये २५५ हा बाइट आला तर चिन्हवाला 'चार' त्यालाच उणे एक समजतो आणि फाइल संपली असं मानून वाचन मध्येच थांबवतो. टेस्ट पास आणि डेटा अर्धा. आपल्या मराठी मजकुरावर तपासलं तरी हे कळत नाही, कारण यूटीएफ-८ मध्ये 'अ' चे बाइट २२४, १६४, १३३ असे असतात, आणि २५५ हा बाइट यूटीएफ-८ मध्ये कुठेच येत नाही. म्हणून कंपायलरला 'चार चिन्हासह घे' असा फ्लॅग देऊन आर्मवरचा बिल्ड हिरवा करणं हा उपाय नव्हे. व्हेरिएबल 'इंट' करा. दुरुस्ती एका शब्दाची आहे.

हे पकडायला आर्मचं यंत्रही लागत नाही. जीसीसी आणि क्लँग दोन्हींमध्ये 'एफ-अनसाइन्ड-चार' हा फ्लॅग आहे. तो देऊन आपल्या इंटेल लॅपटॉपवर बिल्ड करा, टेस्ट तिथेच लटकेल. शिवाय 'डब्ल्यू-एक्स्ट्रा' चालू असेल तर त्या बिल्डमध्ये जीसीसी स्वतःच इशारा देतो की ही तुलना नेहमीच खरी ठरणार. इशाऱ्यांच्या शेकडो ओळी बघून डोळे मिटून घेण्याची सवय या कामात महागात पडते.

निकालांची यादी वाचायला शिका. आर्म, आयबीएमचे पॉवर आणि एस३९०एक्स (मेनफ्रेम), आणि रिस्क-फाइव्ह सगळीकडे लटकतेय आणि फक्त इंटेलची ३२ व ६४ बिट ही दोन भावंडं पास, तर आधी 'चार' बघा. या सगळ्यांवर लिनक्समध्ये तो बिनचिन्हाचा आहे.

फक्त एस३९०एक्सवर अडकली तर बाइटचा क्रम. तिथे मोठा बाइट आधी येतो. लांबीच्या ४ बाइटी रकान्यात छोटा बाइट आधी ठेवून १६ लिहिले असतील आणि कोडने ते बाइट क्रम न बघता थेट उचलले, तर तिथे त्याचे २६,८४,३५,४५६ होतात. मग टेस्ट सोळाऐवजी तेवढ्या बाइट्सची वाट बघत सॉकेटवर बसते.

फक्त ३२ बिट इंटेलवर लूप संपत नसेल तर जुन्या एक्स८७ युनिटची ८० बिटांची जादा अचूकता तपासा. दोन दशांश संख्या 'सारख्या होईपर्यंत' फिरणारी लूप्स तिथे फसतात.

मेमरी ऑर्डरिंगचा संशय घ्यायचा तो थ्रेड एकाहून अधिक असतील, सीपीयू बहुधा शून्यावर असेल आणि टेस्ट दर वेळी न अडकता मधूनच अडकत असेल तेव्हा. एक थ्रेड आधी डेटा लिहितो, मग 'तयार' अशी खूण करतो. इंटेलवर दुसऱ्या थ्रेडला हा क्रम तसाच दिसतो. आर्म आणि पॉवरवर खूण आधी आणि डेटा नंतर दिसू शकतो. दुसऱ्या थ्रेडला रांग रिकामी वाटते, तो झोपी जातो आणि त्याला उठवणारं कुणी उरत नाही. 'व्होलाटाइल' लिहून हे सुटत नाही, क्रमाची हमी देणाऱ्या खऱ्या ॲटॉमिक्सच लागतात. थ्रेड सॅनिटायझर हे कंपायलरमधलं तपासनीस साधन मात्र इंटेलवरही चालवा. क्रम प्रत्यक्षात बिघडण्याची वाट न बघता दोन थ्रेड्समध्ये समन्वय नाही एवढं तो हेरतो.

उलटाही प्रकार घडतो. लिनक्सवर पाइपात मुळात मेमरीची १६ पानं मावतात. ४ केबीच्या पानांवर ते ६५,५३६ बाइट होतात, पॉवरवरच्या ६४ केबीच्या पानांवर १०,४८,५७६. चाइल्डचं आउटपुट या दोन आकड्यांच्या मधलं असेल, तर ते न वाचता नुसती तो संपण्याची वाट बघणारी टेस्ट पॉवरवर पास होईल आणि तुमच्याकडे लटकेल.

क्यूएमू, म्हणजे एका प्रोसेसरवर दुसऱ्याची नक्कल करणारा एम्युलेटर, याबद्दल माझं मत ठाम आहे: सोयीचा आहे, पण साक्षीला उभा करू नका. इंटेलवर चालणारा क्यूएमू आर्मच्या सूचना चालवतो, पण खाली मेमरी इंटेलचीच असल्याने आर्मची क्रमाची गडबड तिथे दिसत नाही. शिवाय त्याच्या युजर मोडमध्ये (एकच प्रोग्राम चालवण्याची पद्धत) पीट्रेस हा डीबगरना लागणारा सिस्टिम कॉल नाही, त्यामुळे आत जीडीबी आणि एसट्रेस दोन्ही चालत नाहीत. त्याचा स्वतःचा जीडीबी पोर्ट उघडून बाहेरून जोडावं लागतं. 'चार'सारखे दोष मात्र तिथे व्यवस्थित दिसतात.

खऱ्या यंत्रासाठी खिसा रिकामा करायची गरज नाही. मुक्त सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांना 'कंपाइल फार्म' या सामाईक यंत्रांच्या ताफ्यावर मोफत खातं मिळतं, तिथे आर्म, पॉवर, रिस्क-फाइव्ह सगळं आहे. गिटहबने २०२५ पासून सार्वजनिक प्रकल्पांना आर्मचे रनर (टेस्ट चालवणारी यंत्रं) मोफत दिले आहेत. घरात रास्पबेरी पाय ४ पडला असेल तर ६४ बिटांची सिस्टिम टाकून तोही पुरतो.

मार्गदर्शक निवडताना एक बघा. तुमची तक्रार ऐकून "बॅकट्रेस दाखव" असं म्हणणारा माणूस सोडू नका, मग तो कितीही तुसडा असो. प्रश्न पूर्ण ऐकण्याआधी उत्तर देणारा कितीही प्रेमळ असला तरी तुमचे आठवडे खातो. पहिल्या महिन्यांत आपल्याला काहीच येत नाही असं वाटेल. दोन-तीन दोष मुळापर्यंत नेलेत की ते ओसरतं.

दोष सापडला की कळवताना दोन्ही बॅकट्रेस, सीपीयू किती होता, कुठल्या आर्किटेक्चरवर लटकली आणि कुठल्यावर नाही, हे सगळं लिहा. पॅचबरोबर सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप होणाऱ्या तपासणीत) 'एफ-अनसाइन्ड-चार' लावलेला एक जास्तीचा बिल्डही सुचवा. त्याला नेहमीचा इंटेल रनर पुरतो, आणि सांभाळणारे लोक अशा फुकटच्या पहाऱ्याला सहसा नाही म्हणत नाहीत.