आवर्तन संपलं, आधी चराचं तोंड उघडा

उन्हाळी आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, बंद झाल्यापासून पाऊस येईपर्यंत हाती थोडेच दिवस राहतात. क्षारपड रानातलं मुरलेलं पाणी ओढ्याला नेणारा चर आधी उपसा. बेणं, खत, मशागत मागाहून बघा.

नीरा डाव्या कालव्याचं खोरं पर्जन्यछायेतलं. १८८५ च्या सुमारास पाट वाहू लागला आणि उतारावर तीन पट्टे पडले: वर माळ आणि बाजरी, पाटाखाली ऊस, ओढ्याकाठी पांढरी फुटलेली पड. वरच्याचं मोकाट पाणी मुरमावरून सरकत खालच्याच्या मुळाशी येऊन थांबतं. ऊन ते वर ओढतं, मीठ मागं राहतं. कृषिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मान यांनी इथल्या क्षारपडीवर १९१० मध्येच लिहिलं होतं. रान आजही तसंच जातंय, कारण चर बुजलेत.

चर १ ते १.२ मीटर खोल, १०० मीटरला १० ते २० सेंमी उतार. उपसायला ओढ्याच्या तोंडापासून वर या. वरून सुरुवात केली तर पाणी मध्येच तुंबून कडा ढासळतात. पाणकणीस आणि बेशरम मुळासकट काढा. गाळ काठावर ठेवू नका, पहिल्याच पावसात तो परत आत जातो. सगळ्यात जास्त चर बुजतात ते ट्रॅक्टर पलीकडं न्यायला टाकलेल्या मातीनं. तिथं सिमेंटचा पाइप बसवा.

शेतात मीटरभर खड्डा घ्या. दुसऱ्या दिवशी त्यात पाणी दिसलं तर चराशिवाय कुठलाही खर्च वाया.

दुकानातलं ‘क्षारनाशक’ कॅन तर नकोच. क्षार नाश पावत नाहीत, पाण्याबरोबर वाहून जातात. जिप्समही नुसत्या खारवट रानाला नको, सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना धरून बसलेलं, सोडियम १५ टक्क्यांवर असलेल्या चोपणालाच, माती परीक्षणातल्या गरजेच्या निम्मं, वरच्या २० सेंमीत मिसळून. अंदाज पायालाही येतो: पांढरं, भुसभुशीत ते खारवट, काळपट, तेलकट, वाळल्यावर दगडासारखं ते चोपण.

बाकी:
– हिरवळीच्या खताला धैंचा, बी हेक्टरी ५० किलो, ४५ ते ५० दिवसांनी गाडणे
– युरियाऐवजी अमोनियम सल्फेट
– झिंक सल्फेट हेक्टरी २५ किलो
– उसाचा वाण क्षार सोसणारा फुले २६५
– सरीआड (एक सरी सोडून) पाणी, जमल्यास ठिबक

पहिला मोठा पाऊस झाला की चराच्या तोंडाशी जा. पाणी गढूळ आणि जोरात आलं तर ते वरून वाहून आलंय. पाऊस थांबल्यावर दोन दिवस निवळ धार चालू राहिली तरच जमीन निथरतेय.