पांढुरक्या पडलेल्या गाडीचा रंग परत आणताना

वर्षानुवर्षे उन्हात उभ्या असलेल्या जुन्या लाल गाडीचे बॉनेट खडू फासल्यासारखे पांढुरके झाले, तरी लगेच नवा रंग मारून घेऊ नये. गाडी धुऊन, सावलीत पत्रा थंड झाल्यावर, वीतभर जागेवर रबिंग कंपाउंड (रंगाचा वरचा खराब थर घासून काढणारी पेस्ट) मायक्रोफायबर फडक्याने हलक्या हाताने घासून पाहावे. फडके लाल झाले आणि खालचा रंग उजळला, तर तो क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक संरक्षक थर) नसलेला जुन्या पद्धतीचा रंग असून बहुधा वाचतो. मग हातभर भाग घेत पुढे सरकावे, कंपाउंड सुकण्याआधी पुसावे आणि शेवटी पॉलिश व वॅक्स लावावे. वॅक्स टाळल्यास पांढुरकेपणा लवकर परततो. कडांवर रंग पातळ असतो, म्हणून तेथे आधीच मास्किंग टेप लावावी. क्लिअर कोटचे पापुद्रे सुटलेल्या गाडीवर मात्र हा उपाय चालत नाही.