कॅन्सर करणारे व्हायरस आणि पेशीतली प्रोटीन्स: या रिसर्चमध्ये येणाऱ्यांसाठी थोडं अनुभवाचं

पीएचडीला हा विषय घेऊ का असं ज्युनियर विचारतात तेव्हा मी आधी एकच सांगतो, व्हायरसला ओळखणाऱ्या किंवा अडवणाऱ्या पेशीतल्या प्रोटीन्सची नावं पाठ करत बसू नका. सीगॅस, स्टिंग, आयएफआय१६, एपोबेक, सॅमएचडी१, यादी संपतच नाही आणि परीक्षा झाली की सगळं डोक्यातून जातं. त्यापेक्षा व्हायरसच्या बाजूने सुरू करा. त्याच्याकडे जीन्स मोजकेच, एचपीव्हीचा (गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणारा व्हायरस) जिनोम जेमतेम ८००० बेस पेअर्सचा, हिपॅटायटिस बीचा तर ३२०० च्या आसपास, आणि एवढ्याशा जागेतही एखाद्या प्रोटीनला पाडायची सोय त्याने ठेवलीय म्हणजे ते प्रोटीन त्याला नक्की नडतंय.

हिपॅटायटिस बीचंच बघा ना. एसएमसी५/६ हा कॉम्प्लेक्स क्रोमोसोम सांभाळणारा, डीएनए रिपेअरवाला म्हणून माहीत होता, अँटीव्हायरल म्हणून त्याच्याकडे कोणी बघतच नव्हतं. २०१६ मध्ये कळलं की तो व्हायरसच्या डीएनएवर बसून त्याचं ट्रान्सक्रिप्शन, म्हणजे जीनवरून आरएनए बनणं, बंद पाडतो, आणि एचबीएक्स हे व्हायरल प्रोटीन पेशीच्याच डीडीबी१ या प्रोटीनला हाताशी धरून त्याचा निकाल लावतं. मला हे फार आवडतं, कारण इथे शत्रूनेच पहारेकरी दाखवून दिला.

ईबीव्ही, म्हणजे एपस्टाईन-बार व्हायरस, त्याच्यातही तसंच. एपोबेक३बी हे एन्झाइम न्यूक्लियसमध्ये राहून व्हायरसच्या डीएनएमधल्या सायटोसिन या अक्षराचं युरासिल करतं, म्हणजे त्याची जेनेटिक माहितीच खराब करतं. मग ईबीव्हीचं बीओआरएफ२ हे प्रोटीन त्याला पकडून न्यूक्लियसच्या बाहेर नेऊन ठेवतं. हे बीओआरएफ२ मुळात डीएनएचा कच्चा माल बनवणाऱ्या एन्झाइमचा भाग, पण तेच हेही काम करतं!

आता प्रॅक्टिकल गोष्ट, जी लॅबमध्ये कोणी बसवून सांगत नाही. पेशीत जिथे नको तिथे डीएनए दिसला की सीगॅस तो ओळखतं, सीजीएएमपी नावाचा छोटा रेणू बनवतं, त्याने स्टिंग जागं होतं आणि शेवटी इंटरफेरॉन, म्हणजे व्हायरस आल्याचा इशारा देणारं प्रोटीन, सुटतं. वाचायला सोपं आहे, पण हे बघायला तुम्ही हेला किंवा २९३ या लॅबमध्ये सर्रास वाढवल्या जाणाऱ्या पेशी घेतल्या तर गडबड आहे, कारण हेलामध्ये एचपीव्ही१८ चे ई६, ई७ हे जीन्स आधीच बसलेत आणि २९३ मध्ये अ‍ॅडेनोव्हायरसचं ई१ए, आणि ई७ व ई१ए दोन्ही स्टिंगला धरून हा रस्ता अडवतात हे २०१५ ला दाखवलं गेलंय. त्यामुळे सिग्नल आला नाही म्हणजे तुमचं प्रोटीन निकामी असा अर्थ काढू नका, आधी त्या पेशींचा इतिहास वाचा. अजून एक, प्लास्मिड (जीन पेशीत न्यायला वापरतात ती डीएनएची रिंग) हाही शेवटी डीएनएच, ट्रान्सफेक्शननेच, म्हणजे तो पेशीत घातल्यानेच, इंटरफेरॉन वाढू शकतं, म्हणून रिकाम्या व्हेक्टरचा, म्हणजे तुमचा जीन नसलेल्या प्लास्मिडचा, कंट्रोल प्रत्येक वेळी पाहिजेच. मायकोप्लाझ्मा या छोट्या जीवाणूची टेस्ट पण करत राहा, ते पेशींच्या कल्चरमध्ये शिरलं तर इम्युनिटीचे सगळे आकडे बिघडतात.

लॅब निवडताना मी तरी हे विचारेन की प्रायमरी, म्हणजे थेट शरीरातून घेतलेल्या, पेशींवर काम होतं का, आणि एचपीव्ही करत असाल तर केरॅटिनोसाइट्स (त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी) मिळतात का. बाकी वेस्टर्न, क्यूपीसीआर, क्रिस्पर वगैरे तंत्रं येतातच हळूहळू.

ज्यांना पिपेट हातात धरायचीच नाहीये त्यांनाही इथे जागा आहे बरं का. एपोबेक व्हायरसवर हल्ला करतं पण कधीकधी आपल्याच डीएनएला चावतं, आणि त्याच्या खुणा, एसबीएस२ आणि एसबीएस१३ हे म्युटेशन पॅटर्न, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये भरपूर दिसतात. म्हणजे बचाव करणारंच प्रोटीन कॅन्सरला हातभार लावत असावं. टीसीजीए (द कॅन्सर जिनोम अ‍ॅटलस) या ट्यूमर्सच्या डेटाबेसचा म्युटेशन डेटा बऱ्यापैकी उघडा आहे, आर किंवा पायथन येत असेल तर लॅबमध्ये अ‍ॅडमिशन मिळायच्या आधीच एपोबेक जास्त असलेल्या ट्यूमर्समध्ये या खुणा पण जास्त आहेत का हे घरबसल्या तपासून बघता येईल.